निरंकची साक्ष

प्रवेशअर्जात धर्माचा एक रकाना होता आणि त्याच्याखाली श्रद्धेचा दुसरा. पहिल्यात तिने रेघ मारली. दुसऱ्यातही रेघ मारणं तिला जरा उद्धटपणाचं वाटलं, म्हणून तिने सुवाच्य अक्षरात 'निरंक' असं लिहिलं. तिच्या आईची गाडी शिकवण्याची शाळा होती आणि तिथल्या मासिक अहवालात आई असंच लिहायची. अपघात, निरंक. तक्रारी, निरंक. सांगण्यासारखं काही नसलं की हा शब्द लिहायचा आणि खाली सही ठोकायची, हे ती लहानपणापासून बघत आली होती. प्रवेशाच्या खिडकीमागच्या कारकुनाने तिचा अर्ज भर रांगेत मोठ्याने वाचला, रांग खो खो हसली, आणि पुढची तीन वर्षं त्या विद्यापीठात तिला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

ज्या घरात देवाला कोणी हिंग लावूनही विचारत नव्हतं, त्या घरातली मुलगी धार्मिक विद्यापीठात कशाला कडमडली, असं कोणीही विचारेल. कारण साधं होतं. कृत्रिम हातपाय बनवायला शिकवणारा धड अभ्यासक्रम त्या सगळ्या मुलखात फक्त तिथेच होता. संस्थापकांनी म्हणे कुठल्याशा जुन्या युद्धानंतर रस्त्यात सरपटणारी माणसं पाहिली आणि प्रार्थनागृह बांधायच्या आधी लाकडी पायांची कार्यशाळा काढली. त्यांच्याविषयी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींपैकी निरंकला पटलेली ही एकच गोष्ट, पण ती पुरेशी होती.

आईचा देवावरचा विश्वास शिकाऊ गाडीत उडाला होता. बावीस वर्षं ती शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवत होती. तिचं म्हणणं असं, की अवघड वळण आलं की शिकणारा माणूस देवाचं नाव घेतो आणि त्याच वेळी ब्रेकवरचा पाय काढतो. दोन्ही एकदम जमल्याचं तिने बावीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं. "तू तिथे पाय करायला शीक," निरोप देताना ती म्हणाली. "हात जोडायला शिकून आलीस तर माझ्या गाडीत बसायचं नाही, सांगून ठेवते."

विद्यापीठात साक्षीची प्रथा होती. संस्थापकांचं मत असं, की स्वतःच्या श्रद्धेबद्दल माणूस जे सांगतो त्यावर काडीचा भरवसा ठेवू नये, ते शेजाऱ्याला विचारावं. म्हणून पहिल्याच आठवड्यात चिठ्ठ्या टाकून दोघादोघांच्या जोड्या लावत. दर गुरुवारी दुपारी जोडीने अर्धा तास समोरासमोर बसायचं, एकमेकांना ठरलेले तीन प्रश्न विचारायचे, समोरच्याचं उत्तर आपण वहीत लिहायचं आणि खाली आपली सही करायची. वर्षाच्या शेवटी तिघांच्या मंडळापुढे उभं राहून जोडीदाराची साक्ष द्यायची. तो स्थिर आहे, किंवा शोधतो आहे, किंवा सुटला आहे. पहिल्या दोन्हींपैकी काहीही चालत असे, त्यामुळे निरंकसारखीचंही 'शोधते आहे' एवढ्यावर निभावून जाई. पण श्रद्धा होती आणि सुटली असं निघालं, तर नियमपुस्तिकेच्या चौदाव्या कलमाप्रमाणे दोघांचीही घरी रवानगी. एक सुटत होता तेव्हा दुसरा काय झोपला होता का, असा संस्थापकांचा सवाल. कलम चौदामुळे गेलेल्या एका जोडीची गोष्ट प्रत्येक वसतिगृहात सांगितली जायची. ती जोडी कोणी पाहिली नव्हती, पण गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

चिठ्ठीत निरंकच्या वाट्याला संत आला. हे अर्थात मुलांनी ठेवलेलं नाव. त्याचे वडील प्रार्थनागृहाचे रखवालदार, जन्म तिथल्याच दोन खोल्यांतला, आणि श्रद्धा इतकी अंगवळणी पडलेली की तो तिच्याबद्दल बोलतही नसे. उपदेश तर त्याने जन्मात कोणाला केला नाही. दोष एकच, त्याला खोटं बोलता येत नसे. भोजनगृहातल्या आचाऱ्याने एकदा सहज विचारलं, कसं झालंय जेवण, आणि याने खरंच सांगितलं. नंतर आठवडाभर त्याच्या ताटात करपलेलंच पडत होतं.

ठरलेले तीन प्रश्न असे होते. या आठवड्यात कोणाचे आभार मानावेसे वाटले? कशाची भीती वाटली? कोणीतरी ऐकतं आहे असं वाटलं का? पहिल्या दोन प्रश्नांवर निरंक भरभरून बोलायची. तिसऱ्यावर ती दर गुरुवारी "नाही" म्हणायची, आणि संत वहीत लिहायचा, 'नाही म्हणाली. पण प्रश्न नीट ऐकून घेतला.' मग सही. पहिल्या वर्षाच्या मंडळापुढे तो म्हणाला, "ज्याला शोधायचंच नाही तो इतक्या नियमाने नाही म्हणत नाही. ती शोधते आहे." मंडळ खूश झालं. निरंकला मनातून हसू आलं, पण तो हे मनापासून बोलतोय हे कळत होतं, आणि असं आपल्याविषयी मनापासून बोलणारं दुसरं कोणी तिला आजवर भेटलं नव्हतं. तिला तो आवडायचा, सरळ सांगायचं तर. देवाचा माणूस असा आवडून घेण्यात काही अर्थ नाही हेही तिला कळत होतं, म्हणून ती ताकास तूर लागू देत नव्हती.

त्याची साक्ष देणं तर पाणी पिण्याइतकं सोपं. "स्थिर आहे," ती म्हणायची, आणि मंडळातले तिघे पुढचं नाव पुकारायचे.

तिसऱ्या वर्षी प्रत्येक जोडीला एक खरा माणूस देतात आणि त्याच्यासाठी एक खरा अवयव करायला सांगतात. यांच्याकडे एक शिंपीणबाई आल्या. वय पन्नाशीचं, डावा पाय गुडघ्याखाली गेलेला, आणि जिभेला हाड नाही. आजवर त्यांना दोन कृत्रिम पाय मिळाले होते आणि दोन्ही त्यांनी कपाटात टाकले होते. "मला चालायला नको गं पाय," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "चालायला कुबडी आहे. मला मशीन चालवायला हवा. पायाची मशीन आहे माझी, तिला दोन पाय लागतात. एका पायाने टाका तिरका पडतो." नेहमीच्या कृत्रिम पायाचा घोटा ताठ असतो. मशीनच्या पट्टीवर तो वरखाली होत नाही. या दोघांनी तीन महिने डोकं खाजवून असा घोटा काढला, की जो चालताना घट्ट राही आणि बसून खटका सरकवला की मोकळा होई. शिकवणाऱ्या सरांनी तो हातात घेऊन चारपाच वेळा हलवला आणि काहीच न बोलता परत दिला. ते सर एवढंही कोणासाठी करत नसत.

मंडळाची तारीख एकवीस दिवसांवर आली होती. गुरुवारी दुपारी दोघं नेहमीच्या बाकावर बसली. निरंकने संताच्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहिली, तिसऱ्यापुढे 'हो' लिहिलं, सही केली आणि वही त्याच्याकडे सरकवली.

"हे तू मला विचारलं नाहीस," संत म्हणाला.

"काय?"

"तिसरा प्रश्न."

"बरं बाबा. कोणीतरी ऐकतं आहे असं वाटलं का?"

"नाही."

ती हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू आटलं. "कधीपासून?" तिने विचारलं.

"आठ महिने होतील."

"आठ महिने! अरे, मग वहीत आठ महिने 'हो' लिहिलंय!"

"तू लिहिलंयस. तू मला विचारतच नाहीस. पहिल्या वर्षी दोनतीनदा विचारलंस, नंतर तूच लिहायचीस आणि वही सरकवायचीस. मी दर वेळी वाट बघायचो, आज तरी विचारेल."

"मला वाटलं, तुला काय विचारायचं!"

"सगळ्यांनाच तसं वाटतं," संत म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

असे किती गुरुवार गेले याचा हिशेब तिने केला नाही, पण एवढं तिला त्या क्षणी लख्ख कळलं, की देवावर अजिबात विश्वास नसलेल्या मुलीने एका माणसाच्या विश्वासावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला होता. त्याच्या सांगण्यावरून नव्हे, त्याला न विचारता. पश्चात्ताप करायला मात्र वेळ मिळाला नाही, कारण संत पुढे म्हणाला, "मंडळापुढे मी स्वतःच सांगणार आहे."

"वेड लागलंय का तुला? कलम चौदा!"

"मग खोटं सांगू?"

तीन वर्षं, घोट्याचा खटका, आणि कार्यशाळेतल्या फळीवर निम्मा झालेला पाय, सगळं एका प्रामाणिक माणसाच्या जिभेवर लटकलं होतं. आपण दोघं गेलो तर शिंपीणबाईंचा पाय कोणीतरी ताठ घोट्याचा करून देईल आणि त्या तो कपाटात टाकतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं. एकवीस दिवसांत या माणसाची श्रद्धा परत बसवायला हवी होती, आणि ते काम करायला विद्यापीठात सर्वात नालायक व्यक्ती तीच होती. दुसऱ्या कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयाच्या धर्मविभागात गेली. तीन वर्षांत तिला तिथे प्रथमच पाहून ग्रंथपालबाईंना भरून आलं. त्यांनी स्वतःच्या पदराने टेबल पुसून दिलं. देवाचं अस्तित्व सिद्ध करणारी सात पुस्तकं निरंकने आठवड्यात वाचून काढली, परीक्षेला वाचतात तशी, खाली रेघा मारून. मग ती रोज दुपारी साचे घासता घासता संताला एकेक पुरावा ऐकवू लागली.

"जगात इतकी व्यवस्था आहे, ती आपोआप आली का?"

"हा दुसरा पुरावा," संत साच्यासाठी प्लास्टरची पट्टी भिजवत म्हणायचा. "त्याचं उत्तर त्याच पुस्तकात शेवटी दिलंय. तू शेवट वाचला नाहीस."

"बरं, मग चांगुलपणा कुठून येतो?"

"तू चांगली आहेस. तुला कुठून आला?"

या वादांना काही ताळतंत्र राहिलं नाही. ती हमरीतुमरीवर येऊन देवाची बाजू मांडायची आणि संत शांतपणे ती उलथवून टाकायचा, कारण हे सगळे पुरावे त्याला दुधाचे दात पडायच्या आधीपासून पाठ होते. पहिल्या वर्षाच्या पोरांनी दाराआडून ऐकलं आणि बातमी पसरवली, की निरंकला साक्षात्कार झाला आहे. प्रार्थनागृहात तिला आपोआप पुढची जागा मिळू लागली. एका प्राध्यापिकेने तर वाटेत थांबवून तिचा हात हातात धरून आपल्या कपाळाला लावला. निरंकने हात टेकले. संत मात्र होता तिथेच होता, उलट जरा वाळला होता. तो प्रार्थनेला रोज येत होता, सगळ्यांबरोबर उभा राहत होता, बसत होता. फक्त फोनवर पलीकडून कोणी बोलत नसताना माणूस कान लावून उभा राहतो तसा दिसत होता.

तारखेला सहा दिवस उरले असताना शिंपीणबाई मापाला आल्या. साचा घालून पट्टे आवळत असताना त्या एकदम म्हणाल्या, "थांब थांब, अंगठा खाजतोय." आणि त्यांनी जिथे अंगठा नव्हता तिथल्या हवेत हात नेला, मग स्वतःशीच हसल्या. गेलेल्या पायाची खाज, ठणक, मुंग्या, हे त्या कार्यशाळेत रोजचंच होतं. कोणी त्याकडे फिरून बघतही नसे.

बाई गेल्यावर संत साचा पुसत म्हणाला, "नसलेलं इतकं कसं जाणवतं?"

निरंकचा संयम त्या दिवशी संपलाच होता. ती बोलून गेली, "नसलेलं नाही, गेलेलं जाणवतं. ज्याला पाय कधी नव्हताच, त्याला खाज सुटेल का? माझंच बघ ना. दर गुरुवारी नाही म्हणते आणि मजेत जेवायला जाते. मला तिथे काही दुखत नाही. तुला दुखतं. आठ महिने दुखतंय, वाळलास बघ किती. काही नसतंच, तर दुखलं नसतं."

संताचा हात थांबला. "पुन्हा म्हण," तो म्हणाला.

तिने पुन्हा म्हटलं, आणि या वेळी तिला ठाऊक होतं की ती काय करते आहे. पाठ्यपुस्तकाच्या अकराव्या प्रकरणात यावर दोन परिच्छेद होते. पहिल्यात तिने सांगितलं तेच होतं. दुसऱ्यात असं होतं, की जन्मतःच ज्यांना हात किंवा पाय नसतो अशांपैकीही काहींना तो नसलेला अवयव जाणवतो, त्यामुळे जाणवणं हा असल्याचा पुरावा धरता येत नाही. यावर परीक्षेत प्रश्न आला होता आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. संताने तो तास बुडवला होता. त्या आठवड्यात त्याच्या वडिलांना बरं नव्हतं. दुसरा परिच्छेद निरंकच्या अगदी ओठांवर आला होता. तिने फळीवरच्या निम्म्या पायाकडे पाहिलं आणि मूग गिळून गप्प बसली.

पुढच्या गुरुवारी, मंडळापुढे जायच्या आधी, तिने तिसरा प्रश्न विचारला, शब्दन् शब्द.

"ऐकतं आहे की नाही माहीत नाही," संत म्हणाला, "पण जागा रिकामी नाही." त्याचे डोळे भरले होते. निरंकने वहीत ते तसंच लिहिलं. सही करताना तिला पहिल्यांदाच आपल्या सहीची लाज वाटली.

मंडळापुढे आधी तिची पाळी आली. मधल्या खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष, फार म्हातारे, कानात यंत्र घातलेले. दोन्ही बाजूंना दोन प्राध्यापक. "तुमचा जोडीदार?" अध्यक्षांनी विचारलं.

"स्थिर आहे," निरंक म्हणाली. हे खरं होतं. ते खरं करायला तिला एकवीस दिवस लागले होते.

मग संत उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. आठ महिने, न विचारलेला प्रश्न, कोरडी पडलेली प्रार्थना, सात पुस्तकं, शिंपीणबाईंचा अंगठा. निरंकने वर पाहिलं तर उजवीकडचे प्राध्यापक चष्मा काढून डोळे पुसत होते. "तिने मला परत आणलं," संत म्हणाला. "ती शोधते आहे का, हे मला आता सांगता येत नाही. पण दुसऱ्याला वाट दाखवता येते तिला. आणि अजून एक. मी अभ्यासक्रम सोडतो आहे. मी आजन्म व्रत घेणार, धर्मकार्यातच राहणार. व्रतींच्या दूरच्या केंद्रात जागा आहे, उद्या सकाळी निघतो."

हे तिला ठाऊक नव्हतं. खोलीत सगळे एकदम बोलू लागले. कोणीतरी तिचं अभिनंदन केलं. जोडीदार व्रतात गेला, तर मागे राहिलेल्याची साक्ष सर्वोच्च धरतात आणि त्याला साक्षीपदक देतात, असं डावीकडच्या प्राध्यापकांनी तिला समजावून सांगितलं. अकरा वर्षांत ते कोणालाच मिळालेलं नव्हतं. पाय ती एकटीने पूर्ण करू शकत होती, पदवीही पक्की झाली होती. जे जे तिला हवं होतं ते सगळं एका दमात तिच्या पदरात पडलं, आणि ती मान खाली घालून उभी राहिली. मंडळाने त्याला नम्रता म्हटलं.

बाहेरच्या बोळात अध्यक्ष भिंतीला धरून सावकाश चालत होते. ती त्यांना गाठून म्हणाली, "सर, एक विचारू? तो परत आला नसता आणि नुसतं एवढंच म्हणाला असता, की आता काही ऐकू येत नाही, तर? कलम चौदा लागलं असतं ना?"

"कलम चौदा?" अध्यक्ष थांबले. "अगं, बाराव्या कलमात घोडे प्रार्थनागृहाच्या खांबाला बांधू नयेत असं आहे. ती पुस्तिका कोणी बदलायला बसत नाही, म्हणून आहे तशी आहे. मी इथे बेचाळीस वर्षं आहे. चौदाव्यात कोणी गेलेलं मी पाहिलं नाही."

"मग तुम्ही त्याला काय म्हणाला असता?"

"काय म्हणणार? बस म्हटलं असतं. पाणी दिलं असतं. पाय पूर्ण कर म्हटलं असतं." ते पुन्हा चालू लागले. "मला एकोणीस वर्षं झाली."

"कशाला, सर?"

"ऐकू येईनासं झाल्याला," अध्यक्ष म्हणाले. ते कानाबद्दल बोलत नव्हते हे तिला कळलं. गुडघ्याचं दुखणं सांगावं इतक्या सहज त्यांनी ते सांगितलं होतं. "सवय होते, मुली. कामं असतात."

ती बोळात एकटीच उभी राहिली. एका साध्या प्रश्नाने भागलं असतं. असे म्हातारे जाताना येताना रोज दिसायचे, कोणालाही थांबवून विचारता आलं असतं. पण न विचारता धरून चालायची खोड तिला देवाच्या बाबतीत कधीच नव्हती. ती माणसांच्याच बाबतीत होती.

संध्याकाळी तिने आईला फोन करून सगळं सांगितलं. आई आधी इतकी हसली की तिला ठसका लागला. "म्हणजे स्वतःला गाडी येत नसताना तू दुसऱ्याला शिकवून पास केलंस! माझ्या शाळेचं नाव काढलंस गं." पलीकडून हुंदका ऐकू आला तशी ती थांबली. "का गं? रडतेस?"

"मी त्याला शेंडी लावली, आई."

आई म्हणाली, "तो अजून तिथेच आहे ना? मग मला काय सांगतेस? त्याला सांग."

सकाळी संत कार्यशाळेत आला तेव्हा शिंपीणबाई खुर्चीवर बसलेल्या होत्या आणि निरंक जमिनीवर गुडघे टेकून त्यांच्या नव्या पायाचा पट्टा बसवत होती. त्याच्या खांद्याला एक लहानशी पिशवी होती. तो बाईंना नमस्कार करून म्हणाला, "घोटा कसा आहे?" बाईंनी खटका सरकवून पाय वरखाली करून दाखवला. संताचा चेहरा उजळला. निरंक उठली आणि त्याला खिडकीपाशी घेऊन गेली.

"मी तुला अर्धंच सांगितलं," ती म्हणाली. "अकरावं प्रकरण, दुसरा परिच्छेद. ज्यांना जन्मापासून पाय नाही, त्यांच्यातल्या काहींनाही तो जाणवतो. कधी नव्हताच, तरी जाणवतो. म्हणजे दुखण्यावरून काही सिद्ध होत नाही. मला माहीत होतं आणि मी मुद्दाम गाळलं. मला माझी जागा वाचवायची होती. आणि ती जाणारच नव्हती, हेही काल कळलं. तू यावर जाऊ नकोस. निदान नीट विचार करून जा."

संत खिडकीबाहेर बघत राहिला. ती त्याच्या तोंडावरची रेघ न् रेघ वाचत होती. आत्ता कोसळेल, आत्ता पिशवी खाली ठेवेल. त्याने ती ठेवावी असं तिला किती वाटत होतं हे तिचं तिलाच आत्ता कळत होतं, आणि त्यात सत्याची चाड किती आणि स्वार्थ किती हे तिला सांगता आलं नसतं.

"कधी नव्हता त्यांनाही जाणवतो?" त्याने विचारलं.

"हो. काहींना."

"पुस्तकात आहे?"

"आहे."

तो हळूच वळला, आणि त्याच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता. "अगं, मग हे तर त्याहून मोठं आहे," तो म्हणाला. "मी आपला घाबरत होतो, की माझ्याजवळ होतं म्हणून मला कळतं, ज्यांच्याजवळ कधी नव्हतंच त्यांचं काय. तुझं काय. मला सारखी तीच काळजी होती. मग तुलाही कधीतरी जाणवेल तर!"

तीन वर्षांत पहिल्यांदा तिने याला संपूर्ण सत्य सांगितलं होतं, आणि ते त्याने शिदोरीसारखं बांधून घेतलं होतं.

"जाणवतं का?" त्याने विचारलं. अगदी गुरुवारी विचारायचा तसं, उत्तराची खरी वाट बघत.

"नाही," ती म्हणाली. "तू नाहीस ते जाणवेल. तेवढंच."

संताने मान हलवली. मग त्याने पिशवी खांद्यावर नीट केली, बाईंकडे पाहून हात हलवला आणि बाहेर पडला. फाटकापर्यंतचा रस्ता खिडकीतून सबंध दिसत होता. तो भराभर चालत होता. मागच्या आठ महिन्यांत त्याला असं चालताना तिने पाहिलं नव्हतं.

ती परत येऊन बाईंच्या पायाशी बसली. डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते, म्हणून ती तशीच काम करत राहिली. बाईंनी वाकून तिच्यासाठी पट्ट्याचं बक्कल सरळ धरलं.

"कोण गं तो?" त्यांनी विचारलं.

"माझा जोडीदार."

"मग रडतेस कशाला वेडे? येईल की परत."

"नाही यायचा, मावशी," निरंक म्हणाली आणि तिने पट्टा आवळला. "मीच पाठवलंय त्याला."